तिसरा गियर सुटतो

"हिला गाडी म्हणायचं असेल," तोळामासा म्हणाले, "तर मग आजपासून माझ्या दारातल्या पायपुसण्याला गालिचा म्हणायचं."

शिंप्याच्या दुकानासमोर जमलेली अख्खी गल्ली खो खो हसली. ड्रायव्हरकाका हसले नाहीत. ते बॉनेट पुसत होते. बॉनेटवर एक ताटाएवढा पोचा होता आणि फडकं त्या पोच्यातूनही नीट फिरलं पाहिजे, एवढ्याच काळजीत ते दिसत होते.

तोळामासा हे काही खरं नाव नव्हे. हे गृहस्थ वजनमाप खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं दुकानादुकानातून फिरून लोकांची वजनं, मापं, काटे तपासले. निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त होईना. दूधवाल्याचं माप उलटं करून बघतील, शिंप्याची टेप ओढून बघतील. अंगानं मात्र असे की काट्यावर चढले तर काट्यानंच राजीनामा द्यावा. म्हणून गल्लीनं प्रेमानं नाव ठेवलं, तोळामासा.

आता गाडीबद्दल. खोटं कशाला बोला, गाडी पाहून कुणालाही हसूच आलं असतं. वय वर्षं तेवीस. मूळ रंग निळा. त्यात एक दार पांढरं, कारण ते दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं होतं. काच खाली करायची तर डॅशबोर्डच्या कप्प्यातला पाना काढून खिट्टी फिरवायची. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजायचा, उजवीकडे वळताना दाबला तरी वाजायचा नाही. शेजारच्या सीटचं दार आतून उघडत नव्हतं, बाहेरून कुणीतरी उघडावं लागायचं. आधीचे मालक चार. त्यातला तिसरा होता ड्रायव्हिंग स्कूलवाला. म्हणजे अर्धं गाव हिच्या क्लचवर नाचून शिकलेलं. शेजारच्या सीटपुढे मास्तरांचे जादा ब्रेक होते, ते काढून घेतल्यावर तिथं पत्र्याला दोन भोकं उरली होती. चालत्या गाडीतून खालचा रस्ता दिसायचा. काकांनी ही गाडी घेतली ती एका बऱ्याशा फ्रिजच्या किमतीत.

"भंगार आहे हो हे," तोळामासा म्हणाले. "सरळ भंगार."

"भंगार नाही," काका म्हणाले. "जुन्या गाड्या दोन तऱ्हेच्या असतात. एक थकलेली, एक मुरलेली. थकलेली कुठं बसकण मारेल ते तिचं तिलाच ठाऊक नसतं. मुरलेली आधी सांगते. ही सांगते."

"काय सांगते?"

"ऐकणाऱ्याला सांगते."

पुन्हा हशा. शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. टाचण्या तोंडात ठेवून हसणं बरं नव्हे, हे तो अनुभवानं शिकला होता.

इथं तोळामासांनी थांबायला हवं होतं. पण हात दाखवून अवलक्षण करून घेणं हा ज्याचा त्याचा छंद असतो.

"ड्रायव्हर, एक सांगू का? रागावू नका. चौतीस वर्षं तुम्ही कारखान्याच्या साहेबांची गाडी चालवलीत. लोण्यासारखी गाडी. डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पेला ठेवला तर थेंब सांडायचा नाही, असं तुम्हीच शंभरदा सांगितलंय. पण त्यात तुमचं काय हो होतं? गाडी साहेबांची, पेट्रोल साहेबांचं, रस्ता सरकारचा. तुमचे म्हणायचे तर पाय तेवढे!"

आता कुणी हसलं नाही. काकांचं फडकं पोच्यात थांबलं.

ड्रायव्हरकाका म्हणजे एकसष्ट वर्षांचा सडपातळ माणूस. नोकरीत होते तोवर पांढरा गणवेश, पितळी बटणं, टोपी. ट्रंकेत आजही एक जोड इस्त्री करून ठेवलेला. चौतीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, एक दिवस उशीर नाही. गाडी सुरू करण्याआधी आरशात मागच्या सीटकडे बघायचं आणि विचारायचं, "निघू का?" मागून हुंकार आला की निघायचं. आपली गाडी घेतल्यावरही रिकाम्या मागच्या सीटकडे बघून ते क्षणभर थांबायचे. गल्लीतल्या लोकांनी ते पाहिलं होतं, पण त्यावर कुणी थट्टा केली नव्हती. काही गोष्टी तोळामासाही सोडून देत.

"पेला आणा," काका म्हणाले.

"काय?"

"याच गाडीत ठेवू. टाकीपर्यंत वर आणि परत."

गावाची पाण्याची टाकी टेकडीवर. वरचा रस्ता उभ्या चढाचा, त्यात तीन वळणं, मधलं तर असं की वळताना आपल्याच गाडीचा मागचा दिवा दिसावा. चांगल्या धडधाकट गाड्या तिथं धापा टाकायच्या.

"थेंब सांडला तर?" तोळामासांचे डोळे लुकलुकले.

"तर ही गाडी मी एकटा ढकलत, भर बाजारातून, भंगारवाल्याकडे नेईन. आणि नाही सांडला तर तुम्ही माझा गणवेश घालायचा. टोपीसकट. चौकात उभं राहायचं, गाडीचं दार उघडायचं आणि सलाम ठोकायचा."

"कबूल! पण रिकामी गाडी काय, कुणीही चढवेल. मी पंच म्हणून मागे बसणार."

"तुम्ही बसलात म्हणजे चार माणसं बसली," शिंपी म्हणाला.

"आणि पुढे घरचं माणूस पाहिजे." तोळामासा आता हळू बोलले. हळू बोलले की ते जास्त बोचायचं. "गाडी मुरलेली आहे ना? मग मावशींना बसवून दाखवा. घेऊन दोन महिने झाले, त्यांनी अजून पाय ठेवला नाही म्हणतात."

काकांनी फडकं झटकलं. मग म्हणाले, "लिहून घ्या."

शिंप्यानं मापांच्या वहीत, कुणाच्यातरी छाती आणि कंबर यांच्या मधल्या जागेत, पैज लिहून घेतली. पुढचा रविवार, सकाळी नऊ.

*

मावशी म्हणजे काकांची बायको. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया होत्या. सगळा वॉर्ड मावशी म्हणायचा, म्हणून गल्लीही म्हणायला लागली. त्यामुळे काकांची बायको मावशी, आणि यात कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं.

काका घरी पोचायच्या आधी बातमी पोचलेली होती. दोन खोल्यांचं घर, स्वयंपाकाच्या ओट्याशी मावशी पाठमोऱ्या उभ्या.

"मला विचारलंत?"

"नाही."

"मग कुणाला बसवणार?"

काकांनी चपला काढून नीट भिंतीशी लावल्या. उत्तर नसलं की ते वस्तू नीट लावायचे.

"ढकलत न्याल तेव्हा आधी सांगा," मावशी म्हणाल्या. "मी दार लावून घेईन. लोक बघतात त्याचं काही नाही, मला बघवणार नाही."

त्यांचा राग गाडीवर नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारवर होता.

त्या दुपारी काका अर्धा तास जेवायला घरी आले होते. साहेबांची गाडी दारात उभी, किल्ली काकांच्या खिशात. मावशी पायरीवरून घसरल्या आणि डावा घोटा असा वळला की पाऊल कुठं बघतंय तेच कळेना. शेजारीण म्हणाली, "अहो, गाडी आहे ना दारात!" काका म्हणाले, "गाडी साहेबांची आहे. न विचारता कशी नेऊ?" दोनला त्यांना साहेबांच्या दारी हजर व्हायचं होतं. त्यांनी कोपऱ्यावरचा भाजीवाला आणला, त्याच्या हातगाडीवर कोबीची पानं बाजूला सारून मावशींना बसवलं, शेजारणीला सोबत दिलं, आणि स्वतः गाडी घेऊन गेले. दोनला पाच कमी असताना हजर. मावशी आपल्याच दवाखान्यात हातगाडीवरून पोचल्या. वॉर्डात महिनाभर थट्टा चालली: कोबी काय भावानं दिलात, मावशी? घोटा बसवला तो थोडा तिरकाच बसला. पाऊल कायमचं बाहेरच्या बाजूला कललं.

आठवड्यानं साहेबांना कळलं तर ते म्हणाले, "अरे, न्यायची ना गाडी! मी काय खाल्लं असतं का तुला?"

एवढ्यावर भागलं असतं तर मावशींनी ते गिळलंही असतं. पण काकांनी ती गोष्ट अभिमानानं सांगायला सुरुवात केली. कुणीही आलं, प्रामाणिकपणाचा विषय निघाला, की काका खुर्चीत ताठ व्हायचे: "साहेबांची गाडी सख्ख्या बायकोसाठीसुद्धा वापरली नाही!" ऐकणारा वाहवा करायचा. मावशी उठून आत जायच्या. सव्वीस वर्षं त्या उठून आत जात होत्या, आणि काकांना वाटायचं, चहा टाकायला गेली.

सोमवारी सकाळी काका उजाडताच गाडी घेऊन बाहेर पडले. तासाभरानं परतले तेव्हा पँटचा डावा पाय गुडघ्यापासून भिजलेला. मंगळवारी तेच. बुधवारी मावशींना राहवेना.

"रोज सकाळी पँट ओली करून येता. या वयात दवाखान्यात दाखवून घेतात हो असलं."

"पाणी आहे. पेल्यातलं."

"सांडतं ना?"

काका बसले. खोटं त्यांना बोलता येत नसे. येत असतं तर सव्वीस वर्षांपूर्वीच बोलले असते.

"दुसऱ्या गियरमध्ये चढवली तर गाडी थरथरते, पाणी उडतं. तिसऱ्यात शांत चढते. अगदी मांजरासारखी. पण तिसरा सुटतो. लोड आला की दांडा उडी मारून बाहेर येतो. हातानं धरून ठेवावा लागतो."

"मग धरा."

"मधल्या वळणावर स्टेअरिंगला दोन्ही हात लागतात. जड आहे फार."

मावशी ओट्याकडे वळल्या. 'तू धरशील का' हे सहा अक्षरी वाक्य त्या दोन खोल्यांमध्ये कुठंतरी घुटमळत राहिलं आणि मग निघून गेलं.

गुरुवारी मावशींची डावी चप्पल गायब झाली. सगळं घर पालथं घातलं, कोपऱ्यावरच्या कुत्र्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. संध्याकाळी चप्पल जिथल्या तिथं, दाराशी.

"इथंच तर होती," काका म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे बारकाईनं पाहिलं. खोटं बोलता येत नसलेल्या माणसाचे कान लाल झाले होते.

शनिवारी दुपारी काका आडवे झाले असताना मावशी गाडीतली मळकी फडकी धुवायला आणायला गेल्या. पुढचं डावं दार बाहेरून उघडलं, आणि तिथंच थांबल्या.

मास्तरांच्या ब्रेकची ती दोन भोकं दिसत नव्हती. त्यांच्यावर लाकडाची एक पाटी पक्की बसवली होती. पाय ठेवायला. साधी सपाट नव्हे. बाहेरच्या अंगाला उंच, आतल्या अंगाला उतरती, पॉलिश कागदानं घासून गुळगुळीत केलेली. वर रबराचा तुकडा चिकटवलेला, आणि रबराखालून पेन्सिलीची रेघ थोडी बाहेर डोकावत होती. चपलेच्या कडेनं काढलेली रेघ.

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्या सीटच्या कडेवर अर्ध्या टेकल्या आणि डावं पाऊल त्या पाटीवर ठेवलं.

सव्वीस वर्षांत त्या पावलाला सपाट जमीन कधी मानवली नव्हती. कुठंही बसा, घोटा ओढायचाच. इथं ओढला नाही.

थोडा वेळ त्या तशाच बसल्या. मग फडकी उचलून घरी आल्या आणि एरवीपेक्षा जरा जास्तच जोरात आपटून धुतली.

*

रविवारी पावणेनऊलाच गल्ली भरली. शिंप्यानं दुकानातली दोन्ही स्टुलं बाहेर काढली. तोळामासा आपलं काचेचं मोजपात्र घेऊन आले. त्यावर मिलिलिटरच्या रेघा, खात्यानं निरोपाच्या वेळी दिलेलं. सगळ्यांदेखत त्यांनी दोनशेपर्यंत पाणी मोजलं आणि स्टीलच्या पेल्यात ओतलं. पेला काठोकाठ भरला. काकांनी तो डॅशबोर्डवर ठेवला.

तोळामासा मागे बसले. गाडी मागून एवढी खाली गेली की पुढचे दिवे आकाशाकडे बघायला लागले.

"घरचं माणूस?" आतून आवाज आला.

नऊला दोन मिनिटं कमी. काका गाडीजवळ ताठ उभे होते. घराकडे बघत नव्हते. ज्या माणसानं कधी उशीर केला नाही त्याला वाट बघणंही जमत नाही.

"ड्रायव्हर, बाजार दहाला भरतो," तोळामासा म्हणाले. "गर्दीत ढकलायला बरं पडेल."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. मावशी येत होत्या. पायात दवाखान्यातले पांढरे कॅनव्हासचे बूट, पदर खोचलेला, चाल नेहमीची, थोडी बाहेर झुकणारी.

"दार उघडा," त्या काकांना म्हणाल्या. "आतून उघडत नाही म्हणे."

काकांनी दार उघडलं. आणि त्यांचा दुसरा हात आपोआप वर गेला, दाराच्या वरच्या कडेवर, बसणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून. चौतीस वर्षं साहेबांच्या बाईंसाठी तो हात असाच वर जात होता. मावशींनी वाकताना त्या हाताकडे एकदा पाहिलं आणि बसल्या. पाऊल पाटीवर ठेवलं.

काका स्टेअरिंगवर बसले. आरशात पाहिलं. आरशात फक्त तोळामासाच मावत होते.

"निघू का?"

"निघा!" तोळामासा साहेबी थाटात म्हणाले.

निघाले. गल्लीतून डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजला. लोकांना वाटलं, काकांनी तुतारीच फुंकली. टाळ्या पडल्या.

चढाच्या पायथ्याशी काकांनी तिसरा टाकला आणि दांड्यावर हात ठेवला. गाडीचा आवाज खाली आला; खरंच मांजरासारखी घुरघुरायला लागली. पेल्यातलं पाणी नुसतं थरथरलं. पहिलं वळण एका हातानं निघालं. तोळामासा मागं स्वस्थ नव्हते. वळण आलं की या कुशीवरून त्या कुशीवर सरकत होते, आणि ते सरकले की गाडी सरकत होती.

"साहेब, नीट बसा," काका आरशात बघून म्हणाले.

"सीट टोचते हो. स्प्रिंग आहे की खिळा?"

मधलं वळण दिसायला लागलं. काकांच्या तळहाताखाली दांडा धडका मारत होता, कोंडलेल्या कोकरासारखा. दोन हात, तीन कामं. काकांच्या कपाळावर घाम आला. ते बायकोकडे बघत नव्हते. समोर बघत होते.

"अगं," ते म्हणाले. तेवढंच.

"सरका," मावशी म्हणाल्या.

त्यांनी काकांचा हात दांड्यावरून उचलून स्टेअरिंगवर ठेवला, जसा सलाईन लावलेल्या पेशंटचा हात उचलून उशीवर ठेवतात, आणि दांडा आपल्या मुठीत घेतला. तीस वर्षं ज्या हातानं सुईला घाबरलेली पोरं धरली होती, त्या हातात दांडा आला. दांड्यानं एकदा झटका दिला. दुसऱ्यांदा दिला. मग त्याला कळलं, आता सुटका नाही.

"धरलाय मी. तुम्ही पुढे बघा."

काकांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं. गाडी वळली. कशी वळली! नदीनं वळावं तशी. पाणी पेल्याच्या डाव्या कडेला चढलं, काठावर आलं, काठाच्या वर एक कड काढून उभं राहिलं. तोळामासा सरकायचं विसरले. श्वास घ्यायचंही विसरले. पाणी परत खाली बसलं.

वर टाकीखाली गाडी वळवून काकांनी क्षणभर थांबवली. खाली गाव पसरलेलं. चुरगळलेल्या कागदासारखं दिसत होतं, आणि त्यात कुठंतरी दवाखान्याचं लांबट छप्पर.

मावशींनी दांड्यावरचा हात काढला नव्हता. समोर बघतच त्या म्हणाल्या, "हातगाडीपेक्षा बरी आहे."

काकांनी स्टेअरिंगवरची धूळ बोटानं पुसली. "कोबीचा वासही नाही," ते म्हणाले.

मावशी हसल्या. त्या गोष्टीवर त्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हसल्या. मागे तोळामासांना काही कळलं नाही, पण आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलोय असं काहीतरी वाटून ते खिडकीबाहेर टाकीकडे बघायला लागले.

"मी तेव्हा न्यायला पाहिजे होतं," काका म्हणाले.

"हो," मावशी म्हणाल्या. "चला आता, पाणी तापतंय."

*

खाली शिंप्याच्या दुकानासमोर गाडी थांबली. गर्दीनं गाडीला वेढाच घातला. काकांनी आधी बाहेरून मावशींचं दार उघडलं. मग पेला दोन्ही हातांनी उचलून तोळामासांना दिला.

"डॅशबोर्ड कोरडा आहे," शिंपी ओरडला. "हात फिरवून बघा!"

"थांबा. वजनमाप खात्यात हात फिरवून चालत नाही." तोळामासांनी स्टुलावर मोजपात्र ठेवलं, पेला ओतला आणि गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. डोळे पाण्याच्या रेघेशी आणले. बराच वेळ बघत राहिले.

"एकशे नव्व्याण्णव," ते म्हणाले.

गाडीवर ठेवलेला काकांचा हात तिथंच राहिला, जणू निरोपच घेत होता.

"पेला द्या इकडे," मावशी म्हणाल्या. "कितीजणांना औषध पाजलंय मी. ओतलं म्हणजे संपलं असं नसतं. भांड्याला चिकटतं."

त्यांनी पेला मोजपात्रावर उलटा धरला आणि धरूनच राहिल्या. हात हलला नाही. अख्खी गल्ली स्टीलच्या त्या काठाकडे बघत होती. काठावर पाणी गोळा झालं. एक थेंब पडला. वेळ गेला. आणखी एक. मग आणखी. मावशींना घाई नव्हती.

"बघा आता."

तोळामासा पुन्हा वाकले. इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती बारीक रेघ वाचणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं. शिंप्याचा चष्मा घरी, बाकीच्यांना रेघा म्हणजे नक्षी. तोळामासा काहीही म्हणाले असते तरी कुणी काय करणार होतं? आणि समोर गणवेश, टोपी, सलाम, जन्मभराची थट्टा.

ते उभे राहिले. पोट आत ओढून, दुकानदारांना पावती देताना उभे राहायचे तसे.

"दोनशे," ते म्हणाले. "बरोबर दोनशे. माप पूर्ण आहे."

मग जो गलका उठला, त्यात त्यांचं पुढचं वाक्य फक्त काकांनी ऐकलं. "ड्रायव्हर, नुसते पाय नव्हते हो तुमचे. माझं चुकलं."

*

पुढच्या रविवारी दहा वाजता चौकात पाऊल ठेवायला जागा नव्हती. काकांचा गणवेश तोळामासांना होण्यातला नव्हता. शिंप्यानं दोन्ही कुशींना पट्ट्या जोडल्या होत्या, एक पिवळी, एक चौकड्याची. पांढरं कापड संपलं, असं त्याचं म्हणणं. त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

तोळामासा आले. टोपी, पितळी बटणं, चकाकणारे बूट. पोराटोरांनी शिट्ट्या मारल्या. ते कुणाकडेही न बघता गाडीच्या उजव्या दाराशी गेले, दार उघडलं, आणि टाचा जुळवून कडक सलाम ठोकला.

"या, साहेब!"

त्या सलामात चेष्टा नव्हती. हे लोकांच्याही लक्षात आलं, आणि शिट्ट्या थांबल्या. चौतीस वर्षं दुसऱ्यांसाठी दार उघडणारा माणूस आपल्यासाठी उघडलेल्या दारापुढे जरा गांगरून उभा राहिला. मग टोपी नसलेल्या डोक्याला हात लावून त्यानं उलट सलाम केला आणि स्टेअरिंगवर बसला.

तोळामासा वळसा घालून आले आणि त्यांनी मागचं दार उघडलं. सीटवर स्वच्छ चादर अंथरलेली होती.

"या, बाईसाहेब. ऐसपैस बसा. साहेबलोकांची जागा ही."

मावशींनी त्या मागच्या सीटकडे पाहिलं. चादरीकडे पाहिलं. मग मागचं दार लोटून बंद केलं आणि पुढच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मागं बसले तर तिसरा कोण धरेल?" त्या म्हणाल्या.

तोळामासांनी पुढचं दार उघडलं. दुसरा हात दाराच्या वरच्या कडेवर ठेवला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मागं बसल्या बसल्या त्यांनी ते पाहून ठेवलं होतं. मावशी बसल्या, डावं पाऊल पाटीवर ठेवलं.

काकांची नजर सवयीनं आरशाकडे गेली. आरशात रिकामी सीट आणि चादर. त्यांनी आरसा तसाच सोडला आणि मान वळवून शेजारी पाहिलं.

"निघू का?"

मावशींनी गियरच्या दांड्यावर हात ठेवला.

"निघा."

गाडी डावीकडे वळली. हॉर्न आपोआप वाजला. चौकात रंगीत पट्ट्यांच्या गणवेशातला एक अवजड माणूस, गाडी वळणाआड जाईपर्यंत, टोपीला लावलेला हात खाली न घेता उभा होता.